सतरा गाणी आणि उरलेलं क्वीन

चिकित्सक : काका, क्वीन बँडचा विषय निघाला की तुम्ही लगेच ‘ग्रेटेस्ट हिट्स’वर येता. १९८१चा तो संग्रह, सतरा गाणी, सुरुवातीला ‘बोहेमियन रॅप्सडी’ आणि शेवटी ‘वी आर द चॅम्पियन्स’. ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच. २०२२मध्ये त्याने तिथे सत्तर लाखांचा आकडा गाठला आणि तिथवर पोहोचलेला तो पहिलाच. हे सगळं मला मान्य आहे. गाण्यांबद्दल माझी तक्रार नाही, ती ज्या जागी आणून बसवली आहेत त्याबद्दल आहे. शेवटची दोन गाणी घ्या. ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही जोडी मुळात १९७७च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मधली, आणि तिथे अल्बमची सुरुवातच या जोडीने होते. पाय आपटण्याचा आणि टाळ्यांचा ठेका, वर नुसता आवाज. ब्रायन मेची गिटार येते ती अगदी शेवटी. मग पियानोवर फ्रेडी मर्क्युरी आपण जिंकल्याचं सांगतो. हे सारं पहिल्या पाच मिनिटांत उरकतं. लगेच रॉजर टेलरचं ‘शीअर हार्ट अटॅक’ अंगावर येतं आणि आधीची सगळी शान विस्कटून टाकतं. तिथून वळणं घेत घेत अल्बम संपतो ‘माय मेलँकली ब्लूज’वर, पियानोशी बसून गायलेल्या उदास गाण्यावर. जिंकून झाल्यावर माणसाचं काय होतं, हे त्या उरलेल्या गाण्यांत ऐकू येतं. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ने तीच जोडी उचलली आणि शेवटी नेऊन ठेवली. एक सूरसुद्धा बदलला नाही, पण विजयाने सुरू होऊन उदासीत विरणारी गोष्ट विजयावर संपणारी झाली. तुम्ही ज्याला क्वीन म्हणता ते हे उलटं केलेलं क्वीन आहे.

चाहता : उलटं कुणाच्या दृष्टीने? मी ती गाणी आधी त्या क्रमाने ऐकलीच नाहीत. माझ्यापर्यंत ती आली तेव्हा आपलं रायपूर मध्य प्रदेशात होतं. रायपूर मुंबई–हावडा मार्गावर असलं तरी इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या काही गाडीतून आपोआप उतरत नव्हत्या. कुणी नागपूरहून आणायचं, कुणाचा भाऊ मुंबईत शिकायला असायचा, भिलाईच्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या एखाद्या मित्राकडे डबल डेक असायचा. त्याच्याकडे कोरी कॅसेट द्यायची आणि भरून घ्यायची. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ जवळपास अठ्ठावन्न मिनिटांचा आहे, साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये बरोब्बर बसतो. तात्यापाऱ्यातल्या एका खोलीत तो टेप वाजायचा आणि शेवटच्या गाण्यानंतर नुसता सर्र आवाज उरायचा. मला विचारशील तर क्वीन तेव्हापासून याच क्रमाने सुरू होतं आणि याच क्रमाने संपतं. तू म्हणतेस तो मूळ क्रम मला पुष्कळ वर्षांनी कळला, आणि कळला तेव्हा तोच मला विचित्र वाटला. एवढं मोठं गाणं पहिल्यांदाच वाजवून टाकायचं? पुढे ऐकणाऱ्याने करायचं काय?

आणि आणखी एक. तुझ्या पिढीने अल्बमचं फार सोवळं केलंय. फोनवर सगळं आहे, म्हणून सगळं पवित्र. आम्ही पुढे अख्खे अल्बम मिळवून ऐकले तेव्हा कळलं की प्रत्येकात भरतीची गाणी असतात. चार जण बँडमध्ये, चौघेही लिहिणारे. एखादं गाणं केवळ समोरच्याला नाराज करायचं नाही म्हणूनही आत येत असणार. संग्रहाने ती गाळली तर त्यात अन्याय कसला? चाळणी लावणं हेही रसिकतेचंच काम आहे.

चिकित्सक : भरतीची गाणी असतात, मान्य. पण भरतीचं कोणतं आणि पायाचं कोणतं हे एका गाण्याकडे बघून ठरत नाही. ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ची दुसरी बाजू घ्या, १९७५ची. ती सुरू होते ब्रायन मेच्या ‘द प्रॉफेट्स साँग’ने. आठ मिनिटांहून लांब गाणं. मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि मर्क्युरी एकटा गात राहतो. त्याचाच आवाज क्षणभर उशिरा परत येतो, त्यावर तो पुढची ओळ चढवतो, तीही परत येते, आणि एकाच गळ्याचा समूह उभा राहतो. हे गाणं न थांबता ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये उतरतं. तिथे मे हार्प वाजवतो. मग ‘गुड कंपनी’. त्यात गिटारच्या आवाजांतून जुन्या जॅझ बँडचा सगळा ताफा त्याने एकट्याने उभा केलाय. आणि या सगळ्यानंतर ‘बोहेमियन रॅप्सडी’. म्हणजे तो प्रसिद्ध ऑपेराचा भाग येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा कान त्यासाठी तयार झालेला असतो. एका आवाजाचे अनेक कसे करायचे, वाद्याला दुसऱ्या वाद्याचं सोंग कसं द्यायचं, हे बँड पंधरा मिनिटं आपल्याला शिकवत आलेला असतो. ते गाणं त्या बाजूचा कळस आहे. शेवटी ‘गॉड सेव्ह द क्वीन’ गिटारवर वाजतं आणि पडदा पडतो.

तुमच्या कॅसेटमध्ये हेच गाणं पहिलं. कशाचाही कळस नाही, आकाशातून पडलेलं. म्हणून लोक त्याला चमत्कार म्हणतात, वेडेपणा म्हणतात, कुठून सुचलं असेल म्हणून थक्क होतात. कुठून सुचलं ते आधीच्या तीन गाण्यांत ऐकू येतं, पण ती तीन गाणी संग्रहात नाहीत. ‘द प्रॉफेट्स साँग’ भरतीचं नव्हतं, काका. ‘बोहेमियन रॅप्सडी’ त्याच्या खांद्यावर उभं आहे.

चाहता : हे तू छान दाखवलंस, आणि त्या बाजूबद्दल मी वाद घालणार नाही. पण तुझ्या म्हणण्यात एक गृहीत आहे, की गाणं ज्या संदर्भात जन्मलं त्यातच ते पूर्ण असतं, बाहेर काढलं की अपुरं होतं. आपली सगळी संगीतपरंपरा याच्या विरुद्ध साक्ष देते. ‘संगीत सौभद्र’ १८८२चं. किर्लोस्करांनी त्यात शंभरावर पदं लिहिली. ती सगळी कोण ऐकतं? नाटकाचे प्रयोग होतात त्यातही मोजकीच म्हणतात. बालगंधर्वांची पदं गावोगाव पोहोचली ती तबकड्यांवरून, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. नाटकात जे पद टाळ्या घेत घेत खूप वेळ चालायचं ते त्या तबकडीत आवळून बसवलं. ना रुक्मिणी समोर, ना सुभद्रा, ना नेपथ्य. तरी त्या साडेतीन मिनिटांवर पिढ्या वाढल्या. आपल्या महाराष्ट्र मंडळात नाट्यसंगीताचा कार्यक्रम होतो तेव्हा काय असतं? संग्रहच असतो. पाच नाटकांतली आठ पदं, आणि शेवटी भैरवी. कुणी उठून म्हणत नाही की हे पद तिसऱ्या अंकातलं आहे, इथे कसं घेतलंत.

आणि छत्तीसगढमध्ये राहून तू हे म्हणावंस! पंडवानी बघ, महाभारत गाऊन सांगण्याची इथली परंपरा. तीजनबाई तंबुरा हातात घेऊन उभ्या राहिल्या की अख्खं महाभारत सांगायच्या का? एका रात्री एक प्रसंग. दुःशासनवध घेतला तर दुःशासनवध. अठरा पर्वांतला एक तुकडा उचलायचा, तो फुलवायचा, आणि ऐकणाऱ्याला पोटभर मिळतं. कुणाला अपुरं वाटत नाही.

चिकित्सक : अपुरं वाटत नाही, कारण उरलेलं महाभारत ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर आहे. तीजनबाईंसमोर बसलेल्या म्हातारीला दुःशासनाने काय केलं होतं, भीमाने कोणती शपथ घेतली होती, हे लहानपणापासून माहीत असतं. म्हणून वधाच्या प्रसंगाला वजन येतं. ‘गीतरामायणा’तलं एखादंच गाणं कुणी कार्यक्रमात म्हटलं तरी मागची-पुढची छप्पन्न गाण्यांची ओळ ऐकणाऱ्याच्या मनात उभी असते. सौभद्राचंही तेच. निवड तिथे शोभते जिथे सगळं ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असतं. रायपुरात १९८०च्या दशकात क्वीनबद्दल कुणाच्या मनात काय होतं? काहीच नव्हतं. तुम्हाला प्रसंग मिळाला आणि महाभारत मिळालंच नाही. मग प्रसंगालाच तुम्ही महाभारत मानलंत.

आपल्याच गावचा दाखला देते. माधवराव सप्रे. मराठी माणूस, हिंदीत लिहिणारा, रायपूर ज्यांना आपलं मानतं. हिंदी वाचकाला लोकमान्य टिळक आणि समर्थ रामदास यांची ओळख करून द्यायची होती तेव्हा त्यांनी निवडक उतारे काढले नाहीत. अख्खं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं, अख्खा ‘दासबोध’ आणला. ज्या वाचकाजवळ मूळ नाही त्याला तुकडा दिला तर तो तुकड्यालाच सगळं समजेल, ही काळजी त्या कामात मला दिसते. मला वाटतं, अनोळखी मुलखात पहिल्यांदा पाठवायचं तर पूर्ण पाठवावं.

चाहता : सप्र्यांचं उदाहरण वजनदार आहे, पण ‘गीतारहस्य’ हा एका माणसाने एका हेतूने लिहिलेला ग्रंथ. रॉकचा अल्बम तसा असतो का? तू ज्याला पूर्ण म्हणतेस त्याची लांबी कुणी ठरवली? १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट बसतात. त्याहून जास्त भरायची तर खाचा बारीक कराव्या लागतात, आवाज दबतो. ‘द प्रॉफेट्स साँग’पासून ‘गॉड सेव्ह द क्वीन’पर्यंतची ती बाजू एवढीच लांब आहे कारण प्लास्टिकची खाच एवढीच लांब होती. ज्या घाटाला तू पवित्र मानतेस तो कारखान्यातून आलेला आहे. ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये एका बाजूला जवळजवळ अर्धा तास कोंबला, तर तोही त्याच कारखान्याचा दुसरा सौदा.

आणि बँडला स्वतःला आपल्या अल्बमांचं एवढं सोवळं नव्हतं. १३ जुलै १९८५, वेम्ब्लीचं ‘लाइव्ह एड’. वीस-एकवीस मिनिटं मिळाली. काय केलं त्यांनी? ‘बोहेमियन रॅप्सडी’ सुरू केलं आणि ऑपेराचा भाग यायच्या आधीच तोडलं. तिथून ‘रेडिओ गा गा’, मग ‘हॅमर टू फॉल’, ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’, ‘वी विल रॉक यू’ थोडंसं, आणि शेवटी ‘वी आर द चॅम्पियन्स’. माझ्या कॅसेटसारखंच बघ : रॅप्सडीने सुरुवात, चॅम्पियन्सने शेवट. रॉकच्या इतिहासातला सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणून लोक ज्याचं नाव घेतात तो एक संग्रह होता, बँडने स्वतः कापून बेतलेला. मग मूळ क्रम कोणता, १९७५चा, १९७७चा की वेम्ब्लीचा?

चिकित्सक : वेम्ब्लीचा दाखला मला अडवतो, खरंच. पण तिथे कात्री कुणाच्या हातात होती ते बघा. त्यांच्या. समोर माणसं होती, हातात वेळ किती हे माहीत होतं, आणि काय कापायचं ते गाणाऱ्यांनी ठरवलं. संग्रहाच्या बाबतीत मला विचारायचंय तेच : निवड कुणी केली आणि कोणत्या मापाने? नावातच माप सांगितलंय, हिट्स. म्हणजे खपाच्या यादीत वर गेलेली गाणी. हे माप देशागणिक बदलतं. ब्रिटनमधल्या संग्रहात सतरा गाणी, त्याच वर्षी अमेरिकेत निघालेल्या संग्रहात चौदा, आणि दोन्हींतली गाणी सारखी नाहीत. अमेरिकेच्या यादीत डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ आहे, ब्रिटनच्या यादीत नाही, आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं! ते संग्रहाच्या सुमारासच निघालं म्हणून राहून गेलं, एवढंच. उलट ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ अमेरिकेच्या यादीत नाही, कारण १९७९मध्ये तिथे ते फार वर चढलंच नव्हतं. आज ते क्वीनच्या सर्वांत लाडक्या गाण्यांपैकी आहे. म्हणजे १९८१मध्ये अमेरिकेत कुणी तुमच्यासारखी कॅसेट भरून घेतली असती तर त्याच्या क्वीनमध्ये हे गाणंच नसतं.

याहून मला जास्त लागतं ते वेगळंच. त्या सतरा गाण्यांचे लेखक मोजा. मर्क्युरीची दहा, ब्रायन मेची पाच, जॉन डीकनची दोन. रॉजर टेलरचं? एकही नाही. चार माणसांचा बँड, चौघेही लिहिणारे, आणि ढोल वाजवणाऱ्याचं एक गाणं त्यात नाही. तुमच्या कॅसेटवरून क्वीन शिकलेल्याला हे कधी कळणार? तो म्हणणार, टेलर फक्त वाजवायचा. चार आवाजांचा बँड तीन लेखकांचा होतो, आणि ही चूक सत्तर लाख घरांत पोहोचते.

चाहता : याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ओढूनताणून द्यायचंही नाही. इतकी वर्षं तो संग्रह ऐकत आलो, पण लेखकांची नावं अशी ओळीने मांडून पाहिली नव्हती. भरून आणलेल्या कॅसेटवर नावं नसायचीच. निळ्या शाईने लिहिलेली गाण्यांची यादी असायची, तीही कधी चुकीची.

तरी एक जोडतो. टेलरचं ‘आय एम इन लव्ह विथ माय कार’ ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या गाण्यासाठी, पण मागच्या गाण्याच्या लेखकालाही मर्क्युरीइतकेच पैसे मिळाले. त्यावरून बँडमध्ये धुसफुस झाली. पुढे १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, नाव चौघांचं लागेल. म्हणजे कुणाचं गाणं पुढच्या बाजूला, कुणाचं मागे, कुणाचं यादीत, कुणाचं बाहेर, ही भांडणं तुझ्या पवित्र अल्बमांच्या आतही होती. संग्रहाने अन्याय केला हे कबूल, पण अन्याय त्याने सुरू केला नाही.

चिकित्सक : बरोबर. अल्बमही पैशाच्या आणि अहंकाराच्या ओढाताणीतूनच बनतात, हे मी सोडून बोलत होते. तरी दोन्हींत फरक राहतोच. अल्बममधली ओढाताण चार माणसांची, एकाच खोलीतली, एकाच वर्षातली. संग्रहात सहा-सात वर्षं कालवली जातात. क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बमांवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं अभिमानाने छापलेलं असायचं. १९८०च्या ‘द गेम’मध्ये त्यांनी तो पहिल्यांदा वापरला. बँडच्या मनात केवढा बदल झाला असेल बघा. तुमच्या कॅसेटमध्ये १९७५च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या पाठीला पाठ लावून १९८०चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ येतं. मधली पाच वर्षं गेली कुठे?

चाहता : ती पाच वर्षं त्या दोन गाण्यांमधल्या दोन सेकंदांत आहेत, आणि ती उडी हाच त्या संग्रहाचा सर्वांत सुंदर क्षण आहे! रॅप्सडीचा शेवटचा घंटेसारखा आवाज विरतो, क्षणभर शांतता, आणि डीकनचा बेस सुरू होतो. कोरडा, मोकळा, नाचायला लावणारा. आधीच्या गाण्यात ऐकू आलं होतं की आवाजावर आवाज चढवून किती उंच जाता येतं. इथे ऐकू येतं की सगळं काढून टाकून किती कमी उरवता येतं. ही तुलना क्वीनच्या कोणत्याही अल्बममध्ये नाही, कारण एका वर्षात राहणारा बँड ती करूच शकत नाही. ती फक्त मागे वळून पाहणाऱ्याला दिसते. हे दोन मणी कुणीतरी शेजारी ओवले, आणि त्या ओवण्यातून नवा अर्थ निघाला. तू ज्याला कालवाकालव म्हणतेस त्याला मी रचना म्हणतो.

चिकित्सक : हे मात्र मी मानते. त्या दोन गाण्यांचा शेजार मीही ऐकलाय आणि तो चपखल आहे. मग आता प्रश्न बारीक होतो. संग्रह ही स्वतंत्र रचना असेल तर तिला तिचे गुण द्यावेत, तिचे दोषही द्यावेत. फक्त ती बँडचं चरित्र म्हणून चालवू नये. २०१८चा तो चित्रपट आठवा, ‘बोहेमियन रॅप्सडी’ नावाचाच. ‘वी विल रॉक यू’ १९७७चं गाणं, पण त्यात ते १९८०मध्ये, मर्क्युरीला मिश्या आल्यावर बनताना दाखवलंय. मर्क्युरीने आपल्या आजाराची बातमी ‘लाइव्ह एड’च्या आधी बँडला सांगितली असं दाखवलंय, म्हणजे वेम्ब्लीच्या त्या वीस मिनिटांवर मृत्यूची सावली पडावी. वास्तवात तसं नव्हतं. त्या चित्रपटाने आयुष्याचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ केला, हवे ते प्रसंग हव्या त्या क्रमाने, आणि शेवटी चॅम्पियन्स. संग्रहांवर वाढलेल्या श्रोत्याला आयुष्यही तसंच मांडलेलं चालतं, अशी मला भीती वाटते.

आपण मराठी लोकही यातून सुटलो नाही. फ्रेडीचं नाव निघालं की पाचगणी. सेंट पीटर्स शाळा, तिथे मुलांनी काढलेला ‘द हेक्टिक्स’ हा बँड, फारूख बलसाराचा फ्रेडी झाला तो तिथेच, हे आपण छाती फुगवून सांगतो. झांझिबारमधला जन्म, १९६४च्या क्रांतीनंतर घर सोडून इंग्लंडला गेलेलं पारशी कुटुंब, तिथे जाऊन कलाशाळेत शिकणारा मुलगा, हे आपण पटकन ओलांडतो. आपल्याला आपला हिट हवा असतो.

चाहता : पाचगणीवर मी अभिमान सांगत राहीनच, घाटावरच्या त्या शाळेतल्या पियानोवर एका मुलाची बोटं बसली ही गोष्ट मला प्रिय आहे. पण चित्रपट आणि संग्रह एका माळेत ओवू नकोस. चित्रपट म्हणतो, असं घडलं. ते खोटं ठरू शकतं. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणतो, हे ऐका. त्यात खोटं ठरण्यासारखं काही नाही. गाणी तीच, ध्वनिमुद्रण जवळपास तेच.

चिकित्सक : तेही दर वेळी खरं नसतं. पिंक फ्लॉइडचा २००१चा ‘एकोज’ संग्रह घ्या. ज्या गाण्यावरून त्याला नाव दिलं ते साडेतेवीस मिनिटांचं गाणंच त्यात कापून सोळा-सतरा मिनिटांवर आणलं. आणि याच बँडने २०१०मध्ये लंडनच्या कोर्टात आपल्या कंपनीविरुद्ध दावा जिंकला, की आमची गाणी इंटरनेटवर सुटी सुटी विकायची नाहीत, अल्बम अखंड राहिला पाहिजे. पुढच्याच वर्षी नवा करार झाला आणि गाणी सुटी विकली जाऊ लागली. अल्बमसाठी एवढं भांडलेल्यांनाही तो अखंड ठेवता आला नाही.

म्हणून हल्ली माझी खरी धास्ती संग्रहाची नाहीच. फोनवर क्वीन टाका. सर्वाधिक ऐकलेली गाणी वर येतात. वर असतात म्हणून आणखी ऐकली जातात, ऐकली जातात म्हणून वरच राहतात. तिथे निवडणारा कुणीच नाही, शेवट नाही, शेवटच्या गाण्यानंतरचा तो सर्र आवाजही नाही. त्यासमोर तुमची कॅसेट मला आदराची वाटते. निदान कुणीतरी सतरा गाणी ठरवली आणि तिथे थांबलं. त्या निवडीशी भांडता तरी येतं. आज आपण भांडतोय ते त्यामुळेच.

चाहता : म्हणजे तू माझ्या बाजूला आलीस?

चिकित्सक : नाही. संग्रह ही रचना आहे इथवर आले. पण ज्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं त्याला ती पुरेशी होती, हे मला अजून मान्य नाही. तुम्हाला दुसरं काही मिळत नव्हतं. त्यात तुमचा दोष नाही, पण नुकसान तुमचंच झालं.

चाहता : आणि मला ते नुकसान वाटत नाही. अख्खं महाभारत ठाऊक नसतानाही एका प्रसंगाने माणूस हलू शकतो. मी हललो, हा माझा पुरावा. तुझी पंडवानीची अट मला मान्य नाही, कारण त्या म्हातारीलाही महाभारत पहिल्यांदा कुणीतरी तुकड्यातुकड्यानेच सांगितलेलं असणार. टेलरचं तेवढं मी खाली ठेवत नाही. ते मला यापुढे त्या कॅसेटमध्ये ऐकू येत राहील. १९९१मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स टू’ निघाला तेव्हा ‘रेडिओ गा गा’ आणि ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ यांच्यामुळे टेलर आत आला. दहा वर्षांनी का होईना, दुरुस्ती झाली.

चिकित्सक : ती गाणी खपाच्या यादीत वर गेली म्हणून झाली, माप तेच राहिलं. १९९९मध्ये तिसराही संग्रह आला. ‘आय एम इन लव्ह विथ माय कार’ आणि ‘द प्रॉफेट्स साँग’ तिन्हींपैकी एकातही नाहीत.